साठ खिळे, साठ बिल्ले

हॅलो? … हॅलो, उद्यान प्रवेशद्वार… हो, बोला… कोण? जरा मोठ्यानं बोला…

अगं तू होय! मग सरळ ‘ताई, मी बोलतेय’ म्हणावं ना. मी आपली साहेबी आवाज काढून बसलेय.

छे गं, कामात कसली! आत्ताच साडेतीनचा भोंगा दिला आणि खुर्चीला बूड टेकलं. सकाळपासून उभी आहे. पायांचे नुसते खांब झालेत.

भोंगा गं, भोंगा. … नाही, आग नाही लागली कुठे! वर कड्यावर काम आहे आज. सुटलेले धोंडे पाडायचेत. … हो, मुद्दाम पाडायचे, पहारीनं उचकटून. नाहीतर एक दिवस आपण होऊन पडतील, कुणाच्या तरी टाळक्यात. चार माणसं दोराला लटकून करतात ते, आणि वर एक मुकादम. मी इथून एक लांब भोंगा दिला की त्यांनी समजायचं, खालची वाट रिकामी आहे, करा सुरू.

मग! मीच देते. बटण आहे भिंतीवर. तुझ्या ताईनं बटण दाबल्याशिवाय या डोंगराचा खडासुद्धा हलत नाही, समजलीस काय?

हं, बोल. इस्त्री करता करता बोलतेयस ना? वाफेचा आवाज येतोय. … अजून नाही आले?

थांब हं, किती वाजले… तीन पस्तीस. अगं मग येतील की! तळ्याची वाट म्हणजे जायला दीड तास, यायला दीड तास…

हो, माहितेय मला, सहाला गेले. मीच तर सांगितलं होतं रात्रीच्या चौकीदाराला, छोटं फाटक उघड म्हणून. पण छोटे, तुझी लेक बरोबर आहे. ती कधी सरळ चालते का? भिंगरी ती! प्रत्येक दगडावर चढणार आणि प्रत्येक दगडावरून उडी मारणार. आणि आमचे चष्मेवाले जावईबापू? ते डबा खाऊन तळ्याकाठी आडवे झाले असतील. घोरत असतील. मासे घाबरून तळाला गेले असतील.

हसलीस! बरं वाटलं.

फोन लागत नाही म्हणजे काय, इथे कुणाचाच लागत नाही. डोंगरात मोबाईल म्हणजे खिशातला दगड. म्हणून तर हा तारेचा फोन ठेवलाय मला… हो, हो… अगं ऐक ना… पाचला चष्म्याचं दुकान उघडायचंय, माहितेय. एक दिवस उशिरा उघडलं तर गावाला काय दिसायचं बंद होणार आहे का?

आज ना, ऐक तर खरं, एक बाई आल्या उंच टाचेचे बूट घालून. मी म्हटलं, बाईसाहेब, वर डोंगर आहे, लग्नाचा हॉल नाही. तर मलाच म्हणतात, तुम्हाला चालायची सवय नसेल. मला! मग दोन तासांनी आल्या, बूट हातात घेऊन. मी काही म्हणाले नाही. नुसता बिल्ला घेतला आणि…

हां, ऐकलंस ना? गडगड? तुला तिकडेसुद्धा ऐकू आलं? झालं बघ सुरू. पहिला धोंडा गेला.

अगं त्याला काय घाबरायचंय! तो कडा तळ्याच्या उलट्या अंगाला आहे. कड्याखालची वाट कालपासून बंद आहे. दोरी बांधलीय, पाटी लावलीय, लाल अक्षरात. … हो बाई, नक्की. आणि थांब, तुझ्या जिवाला घोर नको. मी फळाच बघते ना!

फळा म्हणजे… अगं, तू आली होतीस तेव्हा बघितला नाहीस का? माझ्यासमोरच आहे. साठ खिळे, साठ बिल्ले. आत जाणाऱ्याला माणशी एक पितळी बिल्ला द्यायचा, बाहेर आला की परत घ्यायचा, ज्याच्या त्याच्या खिळ्याला लावायचा. बिल्ला खिळ्यावर म्हणजे माणूस बाहेर. इतकं सोपं. पंधरा वर्षं मी वहीतसुद्धा बघत नाही. फळा भरला की वहीत ‘परत, परत, परत’ लिहीत सुटते.

तुमचे एकतीस आणि बत्तीस. थांब, चष्मा लावते. … आहेत!

अगं आहेत, दोन्ही! खिळ्यावर लटकतायत. आले ते, कधीच आले बाहेर! म्हणून तर भोंगा दिला ना मी. फळा भरल्याशिवाय भोंगा द्यायचाच नाही, असा नियम आहे. … बघ! उगाच जीव टांगणीला लावून घेतेस. लहानपणापासूनची खोड तुझी.

आता मला काय विचारतेस का फोन केला नाही? नवरा तुझा! स्कूटर चालवत असतील. … मला? मला न भेटता गेले, ते खरंय. मला राग यायला हवा. मी जेवायला मागच्या खोलीत गेले होते अर्धा तास, तेव्हा पहारेकरी बसला होता इथे. त्यानं लावले असतील बिल्ले खिळ्यावर. आणि मावशीला साधा टाटा नाही! भिंगरीला सांग, चॉकलेट बंद.

हो… हो… गरम पाण्याचं बघून ठेव, पाय दुखत असतील पोरीचे. आणि ती इस्त्री बंद कर आधी. मागच्या खेपेला परकर जाळलास…

थांब एक मिनिट.

नाही, काही नाही. खिडकीतून दिसतंय ते बघतेय. … तुमची स्कूटर लाल ना? आरशाला निळी पट्टी बांधलेली?

नाही गं, सहज विचारलं. … हो, इथेच उभी आहे. झाडाखाली. … अगं समोर टपरी आहे, चहा पीत असतील. मायलेकी दोघी सारख्याच, लगेच ओरडायचं! थांब, विचारते.

ओ पार्किंगवाले! … अहो, ती लाल स्कूटर! तिचा माणूस टपरीवर आहे का? … काय? … नीट सांगा, कधीपासून?

हं.

नाही, तो म्हणतोय, सकाळपासून हललेली नाही. सीटवर पानं पडलीयत. टपरीवर कुणी नाही.

छोटे, जरा गप्प बस. मला आठवू दे. … गप्प बस म्हटलं ना! ओरडत नाहीये मी. आठवतेय.

सहाला ते गेले, बिल्ले न घेताच. मी आठला आले. चौकीदार म्हणाला, तुमचे पाहुणे गेले आत. मी वही उघडली. एकतीस, बत्तीस, तळ्याची वाट, दोन माणसं, सही. मीच केली त्यांची सही. मग बिल्ले काढून खणात ठेवायचे होते… ते आत आहेत ना, मग खिळे रिकामे दिसायला हवेत… आणि तेवढ्यात ती शाळेची बस आली. चाळीस पोरं. एकाला उलटी झाली इथेच टेबलापाशी…

मी काढले नाहीत.

बिल्ले, छोटे. मी खिळ्यावरून काढलेच नाहीत. ते परत आलेले नाहीत, ते गेलेच नव्हते. बिल्ले! … हो. … म्हणजे फळ्यावरून काही कळत नाही. तुझी माणसं अजून आत आहेत.

ऐक. ऐक माझं. यात घाबरण्यासारखं काही नाही. चूक झाली माझी, फार मोठी चूक झाली, पण ते तळ्याकडे आहेत. तिकडे दगड नाहीत, काही नाही, गवत आहे नुसतं. मी पहारेकऱ्याला पाठवते आता, सायकलवर…

तो तीनला तळ्यावरूनच आला.

…काही नाही. म्हणजे, तो रोज तीनला तळ्याला फेरी मारून येतो. मला म्हणाला, तळ्यावर कुणी नाही, वाटेवर कुणी नाही. आणि मी म्हटलं, बरोबर आहे, फळा भरलाय.

अगं वाटेत कुठे बसले असतील झुडपाआड… पोरीला लघवीला लागली असेल… मी शोधतेय ना कारण! तू पण शोध! काय काय घेऊन गेले होते? काही म्हणाले होते का, इथून दुसरीकडे जाऊ वगैरे?

फोटो? कसला फोटो? … कधी पाठवला? … दोन चाळीसला? आज?

छोटे, तळ्यावरून फोटो जातच नाही. तिथे रेंज नाही. या सगळ्या डोंगरात एकाच जागी रेंज येते.

फोटोत काय आहे ते सांग. भिंगरी आहे, ते कळलं मला, हसतेय, कळलं. मागे काय आहे? पाणी दिसतंय? … नाही? मग काय दिसतंय? नीट बघ. मोठा कर. … काळा खडक. बरं. खडकाला काय आहे? … शिडी? कसली शिडी, लाकडी की लोखंडी? … लाल रंग दिलेली?

देवा. रेंज येते ती जागा हीच, कड्याखालच्या बंद वाटेवरची शिडी.

खाली काय लिहिलंय त्यांनी? वाच. … ‘गिधाडाचं घरटं पाहिलं. आता परत निघालो.’

थांब, थांब, मला हिशेब करू दे. शिडी ते कड्याखालचं वळण, पोरीला घेऊन एक तास. दोन चाळीसला निघाले. आता किती… तीन पंचेचाळीस.

तू हे आधी का नाही सांगितलंस? मी तळं, तळं म्हणतेय आणि तू हो, हो म्हणतेयस? … काय? तुला माहीत होतं? काल रात्रीपासून माहीत होतं?

‘ताईला सांगू नकोस, ती सोडणार नाही.’ वा! बरोबर बोलले. नसतंच सोडलं! म्हणूनच तर बंद केलीय ना वाट! दोरीखालून वाकून गेले असतील. पोरीला घेऊन! आणि तू मला फोन करून काय म्हणालीस काल? ‘ताई, रांगेत नको गं उभं करूस त्यांना, घरचेच आहेत.’ घरचेच! मी पण शहाणी, घरचे म्हणून नियम गुंडाळून ठेवला…

नको, आता रडू नकोस. नाही, तुझ्यावर नाही चिडले. मी भोंगा दिला, छोटे. तू नाही दिलास. मी सही केली, मी फळा बघितला, मी बटण दाबलं. ते त्याच कड्याखाली आहेत आणि वरून…

ऐकलास ना आवाज? हा दुसरा. का तिसरा. मी बोलत बसले होते, मी मोजलेच नाहीत.

फोन धरून ठेव. थांबवायला तीन छोटे भोंगे असतात. ठेवू नकोस, मी इथेच आहे, बटण पलीकडच्या भिंतीला आहे…

…

…

दिले. तीन दिले. ऐकलेस? … आता मुकादम सेट उचलेल. काम चालू असताना तो वायरलेस पिशवीत टाकून ठेवतो, पण तीन भोंगे ऐकले की उचलतो. उचलायलाच हवा. … उचल रे बाबा. … उचल…

हॅलो, मुकादम! प्रवेशद्वार बोलतेय! थांबवा! … सगळं थांबवा. माणसं दोरावर आहेत तशीच राहू देत, पण पहार लावायची नाही कुणी. … वाट रिकामी नाही. … हो, मीच दिला होता. चुकीचा दिला. खाली दोन माणसं आहेत, शिडीकडून वळणाकडे येतायत. एक बाप आणि आठ वर्षांची मुलगी. … माझी चूक, मुकादम. साहेबांना सांगा, लिहून द्या, मला काय हव्या त्या शिव्या घाला, पण नंतर. किती पाडलेत?

…सहा?

सहा, छोटे. थांब. काही विचारू नकोस. मला एका कानानं त्यांचं ऐकायचंय.

हां मुकादम, बोला. … खाली बघा ना! … ढग? केव्हा उतरला? … अजिबात दिसत नाही? … मग हाका मारा. सगळ्यांनी मिळून मारा. … नाव? भिंगरी म्हणा. घरचं नाव आहे, त्यालाच ओ देते ती. भिंगरी. … हो, जोरात.

मारतायत हाका, छोटे. पाच जण मारतायत. मला वायरलेसवर ऐकू येतंय. … तुला नाही येणार गं. … पोरीचा आवाज खणखणीत आहे, आलाच तर लगेच कळेल. … मारतायत अजून. … हो, मी पण तेच म्हणतेय मनात. तू पण म्हण.

…काय? … परत सांगा! … ओ आली?

आली! छोटे, ओ आली! भिंगरीनं ओ दिली! … हो गं, हो, जिवंत आहे, बोलतेय! ‘मी इथे आहे’ म्हणाली. तुझी शपथ. … रड, रड, आता रड. थांब, सेटवर मुकादम बोलतायत…

हां, मुकादम. … ढग सरकला? दिसतेय का? … पिवळं जर्किन, हो, तीच, तीच! … बसलीय? लागलंय का काही? … नाही ना. … बरं. तिला सांगा, जागची हलू नकोस. दोरावरचा एक माणूस सोडा तिच्याकडे, बाजूनं, सुट्या दगडांवरून नको.

आणि तिच्या शेजारी?

…परत बघा.

नाही, नीट बघा, मुकादम. उंच आहेत. चष्मा आहे. पाठीला सॅक. … वळणाच्या पलीकडे? … किती दिसतंय तिथून? … म्हणजे वाटच दिसत नाही? … दगडांखाली?

हं. … हं.

तिला विचारा. ओरडून विचारा, बाबा कुठे गेला. … थांबते मी.

अगं हो, विचारतायत. तेच विचारतायत. तू शांत राहा. … मला माहीत नाही अजून. दोन मिनिटं. … तुझ्या जवळ कुणी आहे का? शेजारची आहे? तिला हाक मार. … कशाला म्हणजे? मी सांगते म्हणून. दार उघडून हाक मार तिला.

हां, मुकादम. … काय म्हणाली?

…

…बरं. आणि कधी? कधी गेला ते विचारलंत का? … पहिल्या? … नक्की पहिल्या?

बरं. माणूस तिच्याजवळ पोचला की मला सांगा. बाकीचे तिघं वळणाकडे उतरवा. मी येतेय. गावातल्या डॉक्टरांना पहारेकरी घेऊन येईल.

छोटे.

आली का शेजारीण? … तिचा हात धर. धरलास? … ऐक. भिंगरी बरी आहे. खरचटलंसुद्धा नाही. माणूस उतरतोय तिच्याकडे, आता पोचेल. घरी येणार ती, आजच येणार. हे पक्कं.

नाही. ते तिच्याजवळ नाहीत.

तिनं सांगितलं, वरून आवाज झाला तेव्हा बाबानं तिला खडकाच्या पोटात बसवलं. म्हणाला, इथून हलायचं नाही, कसला आवाज आहे ते मी बघून येतो. आणि पुढे गेला. … वळणाकडे. … पहिल्या आवाजाला, छोटे. सहा व्हायच्या आधी.

तिनं हाका मारल्या म्हणतेय. … नाही. … नाही आली ओ.

…

काय म्हणून सांगू तुला? … नाही. ‘येतील’ असं नाही म्हणणार मी. मघाशी म्हटलं ना, आले म्हणून? फळ्याकडे बघून, खुर्चीत बसून, हसत हसत म्हटलं. तूही विश्वास ठेवलास. … हो, तुझी ताई आहे, म्हणूनच नाही म्हणणार. मला माहीत नाही. मला काहीच माहीत नाही गं.

तू मला बोल, काय बोलायचं ते बोल. जन्मभर बोल. पण आत्ता मला सोड. मी वर निघालेय. … बूट आहेत. … नाही, तू येऊ नकोस इथे, घरी थांब, पोरगी येईल तेव्हा दारात कुणीतरी हवं.

ठेवते. … नाही गं, फोन धरून बसू नकोस. इथे आता उचलायला कुणी नसेल.